अंकोरचे पाणी

कंबोडियाच्या वायव्य भागात, सिएम रीप शहराच्या ईशान्येला, कुलेन नावाचा एक बसका डोंगर आहे. उंची पाचशे मीटरच्या आतच. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला तो एखादे पठारच वाटावा. ख्मेर भाषेत ‘नोम’ म्हणजे डोंगर आणि ‘कुलेन’ म्हणजे लिची. अंकोरच्या मंदिरांना लागलेला वालुकाश्म या डोंगराच्या पायथ्याच्या खाणींतला आणि अंकोरला मिळालेले पाणी याच डोंगराच्या माथ्यावरचे. दगड पाहायला जगभरातून लोक येतात. पाणी मात्र बहुतेकांच्या वाटेत येऊनही न पाहिलेलेच राहते. अंकोर हे आधी पाण्याचे नगर आहे आणि मग देवळांचे. ही गोष्ट एकदा ध्यानात आली की देवळांचाही अर्थ बदलतो. म्हणून ही सफर पाण्याच्याच वाटेने, डोंगरापासून उताराला लागून, केलेली बरी.

कुलेनच्या पश्चिमेकडच्या एका फाट्यावर क्बाल स्पीअन नावाचे ठिकाण आहे. नावाचा अर्थ ‘पुलाचे टोक’. पूल माणसाने बांधलेला नसून ओढ्यावर आडवा पडलेला नैसर्गिक खडकच आहे. पायथ्यापासून सुमारे दीड किलोमीटर जंगलातून चढून जावे लागते. मुळे, शिळा, मध्येच लाकडी पायऱ्या. पायवाट सोडायची नाही, कारण या भागात युद्धाच्या काळात सुरुंग पेरले गेले होते. वर पोचल्यावर ओढ्याचे पात्र दिसते आणि पहिली काही मिनिटे पाण्याखेरीज काहीच ओळखू येत नाही. मग डोळा स्थिरावतो. पात्राच्या तळाचा खडक सपाट नाही. त्यावर ओळीने उंचवटे आहेत, हाताच्या मुठीएवढे, वाटीएवढे, सारख्या अंतरावर, सारख्या आकाराचे. ती सगळी शिवलिंगे आहेत. काही चौकोनी शाळुंकांत बसवल्यासारखी कोरलेली, बाकीची नुसतीच, शेकड्यांनी. त्यांच्यावरून ओढा अखंड वाहत असतो.

लिंगांच्या मधोमध शेषशायी विष्णू आहे. पायाशी लक्ष्मी, नाभीतून निघालेल्या कमळावर ब्रह्मदेव. ही मूर्तीही पाण्याच्या पातळीलाच कोरलेली आहे. ओढा भरून चालला की विष्णू खरोखरच पाण्यात निजतो. हे काम ११ व्या शतकातले. मधल्या काळात त्याचा जगाला विसर पडला होता. फ्रेंच अभ्यासक जाँ बुल्बे यांनी १९६९ मध्ये ते पुन्हा उजेडात आणले, आणि लगेच देश यादवीत सापडल्यामुळे पुढची काही दशके तिथे कोणी फिरकू शकले नाही. त्यानंतर चोरांच्या छिन्न्याही चालल्या. काही ठिकाणी खडकावर ताज्या जखमेसारखा फिकट चौकोन दिसतो, तो त्यांचा.

कर्नाटकात शिरसीजवळ शाल्मला नदीच्या पात्रात असेच सहस्रलिंग आहे. महाराष्ट्रातून गोकर्ण-शिरसीकडे जाणाऱ्या पुष्कळांनी ते पाहिलेले असते. पण शिरसीची लिंगे एकेका सुट्या शिळेवर आहेत आणि ती क्बाल स्पीअनहून कितीतरी अलीकडची. क्बाल स्पीअनला नदीचा तळच देवळाचा गाभारा केला आहे. हेतू उघड आहे. पुढे मैदानात उतरून शेतांना आणि राजधानीला मिळणारे पाणी आधी इथे अभिषेकाचे तीर्थ होते. प्रस्तुत लेखकाने हे ठिकाण प्रथम मार्चमध्ये पाहिले, तेव्हा ओढा आटलेला होता आणि लिंगे कोरड्या खडकावरच्या खपल्यांसारखी दिसत होती. दुसऱ्यांदा, ऑक्टोबरच्या अखेरीस, पाणी घोट्याच्या वर होते. लिंगे पाण्याखाली हलत असल्याचा भास होत होता आणि तिथला वयस्क पहारेकरी ओंजळीने तेच पाणी डोक्यावर घेत होता. हे शिल्प पावसाळा संपता संपताच पाहायला हवे. कोरड्या दिवसांत त्यातली निम्मी गोष्ट हरवलेली असते.

अंकोरच्या राज्याचा इतिहास थोडक्यात असा. इ. स. ८०२ मध्ये दुसऱ्या जयवर्मनाने याच कुलेनवर, म्हणजे त्या काळच्या महेंद्रपर्वतावर, स्वतःला चक्रवर्ती म्हणून अभिषेक करून घेतला. पुढे राजधानी मैदानात उतरली. पहिला इंद्रवर्मन, पहिला यशोवर्मन, राजेंद्रवर्मन, दोन सूर्यवर्मन आणि ११८१ मध्ये गादीवर आलेला बौद्ध राजा सातवा जयवर्मन ही त्यातली ठळक नावे. १४३१ मध्ये अयुथ्थयेच्या सयामी फौजांनी अंकोर घेतले आणि नंतर राजधानी दक्षिणेला गेली. ‘अंकोर’ हा शब्द आपल्या ‘नगर’ शब्दाचाच ख्मेर जिभेवर घडलेला अवतार आहे.

मैदानातल्या पाण्याची सुरुवात सिएम रीप नदीपासून होते. शहराच्या मधून वाहणारी, दोन्ही काठांना झाडे असलेली ही लहानशी नदी पाहून ती निसर्गाने घातलेल्या वाटेनेच वाहते आहे असे कोणालाही वाटेल. तसे नाही. कुलेनवरून येणारे हे पाणी मुळात पुओक नदीच्या खोऱ्यातले, नैर्ऋत्येकडे जाणारे. अंकोरच्या कामगारांनी ते अडवून, कालवा खणून, दक्षिणेला आपल्या नगराकडे वळवले. आज नदी म्हणून ओळखला जाणारा प्रवाह म्हणजे हजारएक वर्षांपूर्वीचा कालवा आहे. त्याची खूण ता केओ मंदिराजवळ दिसते. तिथे रस्त्याच्या कडेला ‘स्पीअन थ्मा’ म्हणजे दगडी पूल उभा आहे. त्याच्या अरुंद कमानींखाली पाण्याचा टिपूस नाही. नदी पुलाला वळसा घालून शेजारून, कित्येक हात खालून वाहते. कालव्याने आपले पात्र खोल कापत नेले आणि बांधणाऱ्यांचा पूल कोरडा सोडून दिला. मंदिरांच्या छोट्या फेरीत गाड्या इथून जातात, पण थांबत नाहीत. अंकोरच्या पाण्याचे पुढे काय झाले हे एका नजरेत सांगणारी याहून चांगली जागा त्या सगळ्या परिसरात नाही.

आता तळी. ख्मेर लोक त्यांना ‘बाराय’ म्हणतात, पण शिलालेखांतली त्यांची नावे संस्कृत आहेत आणि मराठी वाचकाला ती उलगडून सांगावी लागत नाहीत : इंद्रतटाक, यशोधरतटाक, जयतटाक. इंद्रवर्मन ८७७ मध्ये गादीवर आला. राज्यावर बसल्यापासून पाच दिवसांत खोदकाम सुरू करीन, अशी त्याची प्रतिज्ञा शिलालेखात नोंदलेली आहे. तिचे फळ म्हणजे इंद्रतटाक : लांबी ३.८ किलोमीटर, रुंदी सुमारे ८०० मीटर. राजाने आधी तळे बांधायचे, मग पूर्वजांसाठी देऊळ आणि त्यानंतर स्वतःच्या राज्याचे पर्वतासारखे मोठे देऊळ, असा क्रम त्याने घालून दिला. त्याच्या मुलाने, यशोवर्मनाने, तळ्याच्या बेटावर लोलेई मंदिर ८९३ मध्ये उभारले आणि मग नव्या राजधानीत ७.५ किलोमीटर लांब, १.८ किलोमीटर रुंद असे यशोधरतटाक बांधले. ११ व्या शतकात पश्चिम बाराय झाले : लांबी जवळजवळ ८ किलोमीटर आणि रुंदी २.१ किलोमीटर. त्यात मावणाऱ्या पाण्याचा अंदाज ५ कोटी घनमीटरच्या आसपास केला जातो. म्हणजे पुण्याच्या खडकवासला धरणात जेवढे पाणी राहते, साधारण तेवढे. फरक असा की खडकवासल्याला दोन बाजूंना डोंगर आहेत, आणि इथे भाकरीच्या तव्यासारखे सपाट मैदान.

या सपाटपणामुळेच बांधण्याची रीत वेगळी पडली. बाराय म्हणजे खणलेला खड्डा नव्हे. जमिनीवर चारही बाजूंनी मातीचे रुंद बांध घालायचे आणि त्यांच्यामध्ये पाणी धरायचे. त्यामुळे तळ्यातल्या पाण्याची पातळी भोवतालच्या शेतांहून उंच राहते आणि बांधाला वाट करून दिली की पाणी आपल्या वजनाने खाली उतरते. मैदानाचा उतार ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे, अगदी नाममात्र आहे, आणि तोच हेरून कालव्यांची आखणी झाली आहे. पाण्याच्या वाटा जिथे बांधून काढल्या, तिथे जांभा दगड वापरला. कोकणातल्या माणसाला त्याची ओळख करून द्यायला नको. खाणीत असताना चिऱ्यासारखा सहज कापता येतो आणि वारा लागला की टणक होतो. अंकोरच्या देवळांचे देखणे अंग वालुकाश्माचे असले तरी आतला पाया, कोट, पूल आणि पाण्याची कामे बव्हंशी जांभ्याची आहेत. सिएम रीपहून आजची राजधानी नोम पेन्हच्या रस्त्याला लागल्यावर काम्पोंग क्देई गावात १२ व्या शतकातला असाच जांभ्याचा लांबलचक पूल आहे, वीसहून जास्त कमानींचा, दोन्ही कठड्यांवर नागाचे फणे असलेला. तो आजही शाबूत आहे.

यशोधरतटाक आता पूर्ण कोरडे आहे. त्याच्या मधोमध, एके काळच्या बेटावर, राजेंद्रवर्मनाने ९५३ मध्ये बांधलेले पूर्व मेबोन मंदिर आहे. चौथऱ्याच्या कोपऱ्यांवर दगडी हत्ती उभे आहेत आणि चारही बाजूंना नावेतून उतरण्यासाठी धक्के आहेत. धक्क्याच्या शेवटच्या पायरीपुढे आज झाडी आणि भाताची खाचरे आहेत. प्रस्तुत लेखकाला सगळ्या अंकोरमध्ये सर्वांत जास्त वेळ बसावेसे वाटले ते या पायरीवर. वर मंदिरात छायाचित्रे काढणाऱ्यांची गर्दी असते आणि इथे कोणीच नसते.

पश्चिम बारायचा पश्चिमेकडचा भाग मात्र आजही भरलेला असतो. त्याच्या दक्षिण बांधावरून शेवटपर्यंत चालत जायला अर्धा दिवस लागतो, आणि चालल्याशिवाय हे तळे केवढे आहे ते कळत नाही. नकाशावर तो एक निळा आयत आहे. पायांखाली तो क्षितिजापर्यंत सरळ गेलेला बांध आहे, एका अंगाला पाणी आणि दुसऱ्या अंगाला बऱ्याच खाली शेते. बांधाच्या नाक्यावर रविवारी स्थानिक कुटुंबे जमतात. झोपाळे बांधलेले, कोळशावर मासे आणि कोंबडी भाजली जात असलेली, कैरीच्या फोडींना तिखटमीठ लावून विकणाऱ्या बाया. तळ्याच्या मध्यावर पश्चिम मेबोनचे बेट आहे. तिथे १९३६ मध्ये शेषशायी विष्णूच्या प्रचंड कांस्यमूर्तीचा वरचा भाग सापडला : मस्तक, खांदे आणि दोन उजवे हात. १२९६-९७ मध्ये इथे येऊन जवळजवळ वर्षभर राहिलेल्या झोउ दागुआन या चिनी दूताने तळ्यातल्या निजलेल्या कांस्यबुद्धाचे वर्णन केले आहे, ज्याच्या नाभीतून सतत पाणी वाहते. त्याने विष्णूला बुद्ध समजले असावे आणि दिशेतही त्याची गल्लत झाली असावी, असे अभ्यासक मानतात. डोंगरावर ओढ्यात निजलेला विष्णू आणि खाली तळ्यात निजलेला विष्णू, दोघांच्या मध्ये वाहणारे पाणी एकच.

सातव्या जयवर्मनाच्या जयतटाकात तिसरा प्रकार दिसतो. त्याच्या मध्यावरचे नीक पोआन हे बेट म्हणजे एक चौकोनी कुंड आणि त्याच्या चार दिशांना चार लहान कुंडे. मधल्या कुंडाचे पाणी चार मुखांतून लहान कुंडांत पडे : हत्ती, घोडा, सिंह आणि माणूस. हिमालयातल्या, चार नद्यांचे उगमस्थान मानलेल्या अनवतप्त सरोवराची ही प्रतिकृती असून इथे रोगी स्नानाला येत. ज्या राजाने राज्यभर १०२ आरोग्यशाळा चालवल्याचा शिलालेख आहे, त्याला हे शोभणारेच आहे. जयतटाकात अलीकडे पुन्हा पाणी खेळवले आहे आणि लाकडी साकवावरून बेटापर्यंत जाता येते.

ही तळी कशासाठी, यावर विद्वानांत मोठा वाद झाला. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ बेर्नार-फिलिप ग्रोलिए यांनी १९७९ मध्ये अंकोरला ‘जलनगर’ म्हटले : तळी सिंचनासाठी, सिंचनावर भात, भातावर साम्राज्य. पुढच्या दशकात काहींनी उलट मत मांडले की या तळ्यांचे पाणी शेतापर्यंत नेणाऱ्या वाटाच सापडत नाहीत, ती निव्वळ धार्मिक प्रतीके आहेत. त्यानंतर जमिनीवरच्या उत्खननात आणि विमानातून घेतलेल्या नकाशांत पाणी आत घेण्याच्या आणि बाहेर सोडण्याच्या वाटा मिळाल्या. २०१२ आणि २०१५ मध्ये विमानातून लेसर किरणांनी झालेल्या लायडार पाहणीने जंगलाखालचे रस्ते, कालवे, घरांचे उंचवटे आणि हजारो लहान तळी उघडी पाडली. २०२१ मध्ये झालेल्या हिशोबानुसार भरभराटीच्या काळी या विस्तीर्ण नगरात सात ते नऊ लाख माणसे राहत असावीत. वाद आता बराच निवळला आहे, पण तो मुळात उभा राहिला याचेच नवल वाटते. ज्या प्रदेशात देवळापुढच्या तळ्यातून शेताला पाणी जाते आणि त्याच तळ्यात उत्सवाची नाव फिरते, तिथल्या माणसाला ‘पूजेसाठी की पिकासाठी’ हा प्रश्नच सुचणार नाही.

याच पाण्याने पुढे दगाही दिला. व्हिएतनामच्या डोंगरांतल्या जुन्या झाडांची वर्तुळे मोजून २०१० मध्ये जो पाऊसमानाचा इतिहास मांडला गेला, त्यात १४ व्या शतकाच्या मध्यावर आणि १५ व्या शतकाच्या आरंभी दीर्घ अवर्षणे दिसतात, आणि त्यांच्या मधल्या काही वर्षांत अतिवृष्टी. अवर्षणात कालवे आखडले, पुराने ते फोडले आणि गाळाने भरले. एक फुटला की त्याचा भार दुसऱ्यावर. १४३१ ची स्वारी ही त्यानंतरची गोष्ट आहे.

अंकोरवाटविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यामुळे इथे त्याचे पाणी तेवढे सांगायचे. दुसऱ्या सूर्यवर्मनाने १२ व्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेल्या या विष्णुमंदिराभोवती सुमारे १९० मीटर रुंदीचा खंदक आहे. एवढा रुंद खंदक केवळ शत्रूसाठी नसतो. मंदिर उभे आहे ते ठासून भरलेल्या वाळूवर, आणि वाळू भार पेलते ती भूजलाची पातळी स्थिर राहिली तर. भरलेला खंदक ती पातळी सांभाळतो. सिएम रीपमध्ये हॉटेले वाढून विहिरींचा उपसा वाढला, तेव्हा पहिली काळजी व्यक्त झाली ती या दगडी शिखरांची. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने १९८६ ते १९९३ या अत्यंत धोक्याच्या काळात इथे संवर्धनाचे काम केले. त्यातल्या रासायनिक सफाईवर नंतर टीका झाली, पण तेव्हा इथे यायला दुसरे फारसे कोणी तयार नव्हते हेही लक्षात ठेवले पाहिजे.

पूर्वेकडच्या ओवरीत समुद्रमंथनाचा सुमारे ४९ मीटर लांबीचा पट आहे. वासुकीच्या एका बाजूला ९२ असुर, दुसऱ्या बाजूला ८८ देव, मध्ये कूर्म आणि मंदराच्या पुढे विष्णू. मार्गदर्शक एवढे सांगून पुढे चालू लागतात. खरी मौज पायांच्या पातळीवर, खालच्या पट्टीत आहे. तिथे समुद्र आहे आणि समुद्रात मासे, मगरी, नाना जलचर. कडेचे मासे निवांत पोहत आहेत. मंदराच्या जवळ जावे तसे ते घोटाळू लागतात, आणि अगदी रवीजवळचे मासे व मगरी चक्क दोन तुकडे झालेले कोरले आहेत, घुसळणीच्या वेगाने कापले गेलेले. ज्याने भोवऱ्यात सापडलेला मासा रोज पाहिला आहे, अशा कारागिराचाच हा हात असणार. अंकोर थोम या नगराच्या वेशींपुढे तर खंदकावरचा पूलच मंथन झाला आहे : एका कठड्याला ५४ देव, दुसऱ्याला ५४ असुर, दोघांच्या हातांत नाग आणि खाली खरे पाणी.

मासळी ओळखणारा हा कारागीर तिथल्याच बायोन मंदिराच्या बाहेरच्या ओवरीत मोकळा सुटला आहे. विषय आहे चाम लोकांशी झालेली नाविक लढाई, पण लढाई संपते न संपते तोच खाली बाजार भरतो. मासे विकणाऱ्या बाया, कोंबड्यांची झुंज, चूल पेटवणारा माणूस, प्रसूत होणारी बाई, जाळे फेकणारा कोळी, पाण्यात पडलेल्या सैनिकाला धरणारी मगर. एका जागी मासे झाडांच्या फांद्यांमध्ये पोहताना दिसतात. पहिल्या भेटीत हे सजावटीसाठी घेतलेले स्वातंत्र्य वाटले होते. ते जसेच्या तसे वास्तव आहे, हे तिथून वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या तळ्यात गेल्यावर कळते.

अंकोरचे सगळे पाणी शेवटी ज्यात उतरते ते तळे म्हणजे तोनले साप. मराठी कानाला त्यात साप ऐकू येतो, पण ख्मेरमध्ये ‘तोनले’ म्हणजे मोठे पाणी, नदी, आणि ‘साप’ म्हणजे गोडे. उन्हाळ्याच्या अखेरीस या तळ्याचा विस्तार सुमारे २,५०० चौरस किलोमीटर असतो आणि खोली जेमतेम मीटरभर. पावसाळ्याच्या शेवटी तेच तळे १०,००० ते १६,००० चौरस किलोमीटर पसरते आणि खोली नऊ-दहा मीटरांपर्यंत जाते. भोवतालचे जंगल त्यात महिनोन् महिने बुडून राहते. समुद्रफळाच्या जातीची ती झाडे बुडण्याला सरावलेली आहेत. त्यांच्या फांद्यांत मासे चरतात आणि वाढतात. झोउ दागुआनने सातशे वर्षांपूर्वी हेच लिहून ठेवले आहे : पाणी इतके चढते की उंच झाडांचे फक्त शेंडे वर राहतात आणि काठचे लोक बिऱ्हाड हलवतात. पाण्याबरोबर उंच वाढत जाणाऱ्या, न पेरता उगवणाऱ्या भाताचीही त्याने नोंद केली आहे.

काठावर वस्तीच्या दोन रीती आहेत. काही गावे तरंगती : घर, शाळा, दुकान, डुकरांचा खुराडा, सगळे बांबूच्या आणि पिंपांच्या तराफ्यांवर. तळे पसरले की गाव काठाबरोबर सरकते. काम्पोंग फ्लुक आणि काम्पोंग ख्लेआंग ही दुसऱ्या रीतीची, खांबांवरची गावे. फेब्रुवारीत काम्पोंग फ्लुकच्या रस्त्यावरून चालताना घरे डोक्यावर, दुमजली उंचीवर असतात. उभ्या शिड्या, खाली मोटारसायकली, वाळत घातलेली कोळंबी आणि धूळ. ऑक्टोबरात त्याच घराच्या वरच्या पायरीला नाव बांधलेली होती आणि फेब्रुवारीत पायाखाली असलेल्या रस्त्यावरून एक मुलगी पातेल्यात बसून वल्हवत चालली होती. रस्त्याकाठची ओळखीची झाडे शोधायला गेले तर शेंडे हाताला लागत होते. त्या फांद्यांतून छोटे मासे सरसरत होते. बायोनच्या भिंतीचा खुलासा तिथे झाला.

या मासळीवर देश जगतो. कंबोडियाच्या आहारातल्या प्राणिज प्रथिनांचा मोठा वाटा माशांतून येतो आणि त्यातला बराचसा या एका तळ्यातून. पाणी ओसरू लागले की मासे तळ्यातून नदीत उतरतात. नदीच्या आडवे, नावांना बांधलेल्या मोठ्या पिशव्यांसारख्या जाळ्यांच्या रांगा लागतात, त्यांना ‘दाय’ म्हणतात. माशांची झुंड डिसेंबर-जानेवारीत, पौर्णिमेच्या आधीच्या काही दिवसांत सर्वांत दाट असते. कोळी पंचांग पाहूनच रात्री जागतात. त्यात मुख्य असतो ‘त्रेई रीएल’ हा बोटभर लांबीचा चंदेरी मासा. देशाच्या चलनाचे नाव रीएल ते यावरूनच, असे तिथले लोक सांगतात. पूर्वी या दिवसांत दूरच्या गावांचे शेतकरी बैलगाड्यांतून भात घेऊन नदीवर येत, तळ ठोकत आणि भाताच्या बदल्यात मासे घेऊन जात. आता गाड्यांच्या जागी ट्रक आहेत.

या माशाचा ‘प्रहोक’ होतो. डोकी काढायची, पायांनी किंवा यंत्राने चिरडायचे, धुवायचे, उन्हात टाकायचे, मीठ लावून रांजणात दाबून ठेवायचे. काही आठवडे, काही महिने, चांगला हवा असेल तर वर्षाहून जास्त. ज्याने सुकट आणि खारवलेली मासळी खाल्ली आहे, तो वासाने मागे हटणार नाही, तरी पहिला घास जड जातो. दुसऱ्या दिवशी डुकराच्या खिम्याबरोबर, नारळाच्या दुधात शिजवलेला, कच्च्या वांग्याच्या आणि काकडीच्या फोडींबरोबर समोर आलेला प्रहोक मात्र संपूर्ण देशाची चव जिभेवर ठेवतो. तो चाखल्याशिवाय परतलेल्या प्रवाशाने कंबोडिया अर्धाच पाहिला.

तळे एवढे फुगते कसे, याचे उत्तर दक्षिणेला आहे. तळ्यातून सुमारे १२० किलोमीटर लांबीची तोनले साप नदी निघते आणि नोम पेन्हला मेकाँगला मिळते. तिथे चार प्रवाह भेटतात : वरून येणारी मेकाँग, तोनले साप, खाली जाणारी मेकाँग आणि बासाक. या संगमाचे नाव चाक्तोमुक, म्हणजे चतुर्मुख. कोरड्या महिन्यांत नदी तळ्याचे पाणी मेकाँगला देते, तिथून ते समुद्राला जाते. मे-जूनमध्ये मेकाँगला पूर येऊ लागतो. तिची पातळी तळ्याहून वर जाते, आणि मग नदी थांबते आणि उलटी वळते. पुढचे चार-पाच महिने ती समुद्राकडून तळ्याकडे वाहते. त्या पाण्याबरोबर मेकाँगच्या वरच्या भागात घातलेल्या अंड्यांतून निघालेली कोट्यवधी पिल्ले आणि सुपीक गाळ तळ्यात येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मेकाँग उतरते आणि नदी पुन्हा सुलटी होते. मधल्या काळात खालच्या व्हिएतनामी त्रिभुज प्रदेशाचा पूर या तळ्याने आपल्या पोटात घेतलेला असतो, आणि उन्हाळ्यात तेच पाणी त्या प्रदेशाला परत मिळते.

या नाडीत आता बिघाड दिसू लागला आहे. २०१९ आणि २०२० मध्ये उलटा प्रवाह उशिरा आला आणि कमजोर होता. कमी पाऊस हे त्याचे एक कारण, वरच्या देशांतली मेकाँगवरची धरणे हे दुसरे, आणि वाळूचा उपसा हे तिसरे. १९९७ पासून तळे युनेस्कोचे जीवावरण राखीव क्षेत्र आहे, पण पाणी अडते ते त्याच्या हद्दीबाहेर, शेकडो किलोमीटर वर. मेकाँगमध्ये अजूनही काय जगते याचा एक दाखला जून २०२२ मध्ये मिळाला. देशाच्या ईशान्येला स्तुंग त्रेंग प्रांतात ३०० किलो वजनाचा, जवळजवळ चार मीटर लांबीचा पाकट मासा जाळ्यात आला. गोड्या पाण्यात सापडलेला, वजन नोंदलेला तो जगातला सर्वांत मोठा मासा. त्याला खूण लावून पुन्हा सोडण्यात आले. गावकऱ्यांनी गोल आकारावरून त्याचे नाव ठेवले ‘बोरामी’, म्हणजे पूर्णिमा.

नदी सुलटी झाल्याचा सण ‘बोन ओम तुक’ नोम पेन्हला तीन दिवस चालतो. तो कादेक महिन्याच्या पौर्णिमेला येतो. कादेक म्हणजे कार्तिक. ख्मेर पंचांगात चेत, पिसाख, आसाथ, आसोच, कादेक असे आपलेच महिने आहेत. महाराष्ट्रात त्रिपुरी पौर्णिमेला दीपमाळा उजळतात, त्याच रात्री हा सण असतो. दिवसा लांब होड्यांच्या शर्यती होतात. एकेका होडीत साठ-सत्तर वल्हेकरी, नाळेवर रंगवलेले डोळे, आणि प्रत्येक होडी आपल्या गावाच्या विहाराची. सूर्य मावळला की ‘बान्देत प्रातीप’ : दिव्यांनी मढवलेल्या मोठ्या नावा नदीत सोडतात. प्रातीप म्हणजे प्रदीप. मग चंद्राला वंदन होते, चंद्रावरच्या सशासाठी, जो बोधिसत्त्वाचा एक जन्म मानला जातो. आणि मध्यरात्री ‘ओक आम्बोक’.

आम्बोक म्हणजे पोहे. नव्या भाताच्या लोंब्या उतरवून, टरफलासकट भाजून, गरम असतानाच उखळात कांडून चपटे केलेले, थेट आपल्याकडच्या कांडपाच्या पोह्यांसारखे, रंगाने किंचित हिरवट. सणाच्या आठवड्यात रस्त्याच्या कडेला उखळे मांडलेली असतात आणि दोघीतिघी आळीपाळीने मुसळ घालत असतात. काठावर चटई टाकून बसलेल्या एका कुटुंबातल्या आजीने प्रस्तुत लेखकाच्या ओंजळीत आम्बोक ओतले, त्यावर शहाळ्याचे पाणी शिंपडले, केळे सोलून हातात दिले आणि सगळे एकदम तोंडात टाकायची खूण केली. नव्या भाताचा तो वास ओळखीचा होता. समोर दिव्यांची शेवटची नाव चतुर्मुखाकडे, म्हणजे समुद्राच्या दिशेने, वाहत चालली होती.